चंपामावशीची फ्रेंच

कुरवंड्याच्या चंपामावशीला 'मिस' हा इंग्रजी शब्द दोनच प्रकारे ठाऊक होता, एक शाळेतली मिस आणि दुसरा मिस कॉल. तिसरा अर्थ नशिबी आला तो एलोडी फ्रान्सला परत गेल्यावर.

एलोडी म्हणजे लोणावळ्याच्या बंगल्यात राहणाऱ्या फ्रेंच इंजिनिअरची पोर. मावशी तिथं कामाला. पोर तिच्या कडेवरच वाढली म्हणा ना! भाकरीचा पापुद्रा आधी एलोडीला, मग बाकीच्यांना. चालून दमली की दोन्ही हात वर करून "मावशी, उचल!" असं ठसक्यात म्हणायची, बाजारातली माणसं वळून बघायची. मग बापाची नोकरी संपली आणि सगळे कायमचे मायदेशी गेले. लहान पोराची भाषा ती काय, वर्षभरात मराठी धुऊन निघाली. मागच्या व्हिडिओ कॉलला तर ती आईच्या मागंच लपली. मावशी भरल्या ताटावरून उठली.

"इसरली मला," एवढंच म्हणाली.

लेक चैताली हॉटेलच्या रिसेप्शनवर, इंग्रजी फाडफाड. आईचं तोंड तिला बघवेना.

"आई, तिच्या भाषेत सांग की तिला, आय मिस यू."

"सांगंन. काय म्हंत्यात त्येला?"

चैतालीनं मोबाईलमध्ये शोधलं आणि कपाळाला हात लावला. "एक शब्द असेल तर शपथ! बस चुकली तर 'राते', शाळेतल्या मिसला 'मादमुआझेल', आणि आठवणीला 'मांके'."

"इंग्रजांनी समदं एकाच मडक्यात शिजवलंय म्हन की!"

"आणि ऐक, फ्रेंच लोक 'मी तुला मिस करते' म्हणतच नाहीत. 'तू मला उणी आहेस' म्हणतात. तू म मांक."

"त्यातला तू म्हंजे आपलाच तू?"

"आपलाच."

"मंग सोपं हाये. आपन तरी काय म्हंतो? मला तुजी आठवन येती. येती ती येती, मी कुटं काय करते?"

झालं! चुलीपाशी, नळावर, भातखाचरात, मावशीचं 'तू म मांक' सुरू. शेजारची सरुबाई म्हणालीसुद्धा, "चंपे, अंगात आलंय का काय गं?"

रविवारी कॉल लागला. एलोडी आईच्या मांडीवर, मान खाली. बिचारी मावशी मोबाईलच्या आणखी जवळ सरकली. आजही पोर लपली तर पुन्हा फोन करायची हिंमत तिच्यात उरली नसती. आणि नेमकं ऐन वेळी घोकलेलं दगा देऊन गेलं.

"ज त मांक," ती म्हणाली.

"अगं आई, उलटं झालं!" चैताली कुजबुजली. "तुला माझी आठवण येते, असं म्हणालीस तू!"

मावशीनं पदर तोंडाला लावला. पण पलीकडं एलोडीनं मान वर केली आणि बघतच राहिली.

"वी," ती म्हणाली. म्हणजे हो. दोन्ही हात फोनकडे वर गेले. "मावशी... उचल!"

चैतालीनं हळूच मावशीचा खांदा दाबला. "थांब, बरोबर वाक्य सांगते."

"ऱ्हाऊ दे," मावशी डोळे पुसत म्हणाली. "मला त्येच इचारायचं व्हतं."