पळसाच्या पानातले मासे

फुलाबाईंनी पन्नीत मासे कधी दिले नाहीत. वरोऱ्याजवळच्या त्यांच्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो. पहिल्याच आठवडी बाजारात मी प्लास्टिकची पिशवी पुढे केली, तर त्यांनी ती घेऊन घडी घालून कमरेला खोचली आणि मासे पळसाच्या पानात बांधून दिले. "गुरुजी, बाजारातली पन्नी नाल्यानं आमच्या तलावात येते. पयले मासा मरते, मंग आमी." माझी मास्तरकी तिथंच उतरली.

तलाव मासेमार ढिवरांच्या सोसायटीने ठेक्याने घेतलेला. पावसाळ्यात त्यात बोटुकली, म्हणजे माशांची पिलं सोडायची. गेल्या साली ती पन्न्यांच्या थराखाली गुदमरून मेली आणि अर्धा मोहल्ला माजरीला कोळशाच्या मजुरीवर गेला. यंदाही तसंच झालं तर गावात ढिवर उरणार नव्हता. म्हणून उन्हाळाभर फुलाबाई बायकांना घेऊन चिखलात उतरल्या. पन्न्या घ्यायला भंगारवाले यासीनभाऊ तयार होते. "गीली नको बाई, सुकवून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं.

सुकवायचं म्हटलं की ढिवराला एकच जागा ठाऊक, पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा, आतला उतार. जाळी तिथंच सुकतात, झिंगेही तिथंच. पन्न्याही तिथंच पसरल्या. मी शिकलेला माणूस रोज तिथून जात होतो, पण माझ्याही डोक्यात आलं नाही. यासीनभाऊंची गाडी यायच्या आदल्या दुपारी वावधन उठलं आणि सगळ्या पन्न्या उडून पुन्हा पाण्यात गेल्या.

आठवड्याभरात उरलेली घरंही माजरीला निघाली. फुलाबाई एकट्या पाण्यात उतरल्या.

"बाई, जीव जाईल तुमचा!" मी पाळीवरून ओरडलो.

"मंग कोन काढन? तुमी येता काय?"

त्या चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला पोहता येत नाही, असं मी सांगितलं. पाणी कमरेएवढं होतं. ते उत्तर आठवलं की आजही मला माझीच किळस येते.

पंधरा दिवस त्या उतरत राहिल्या. मग तापाने फणफणल्या आणि चार दिवसांत गेल्या. त्या साली बोटुकली सोडलीच नाही.

दहाव्याला माजरीहून सगळे आले. तलावाच्या काठी विधी झाला. उरलेली फुलं, हळदकुंकू एका पन्नीत भरून त्यांच्या दिरांनी गाठ मारली, हात जोडले आणि रीतीप्रमाणे ती पाण्यात सोडली. कोणाला काहीच वावगं वाटलं नाही. पन्नी काठालाच तरंगत होती, पाणी गुडघाभरही नव्हतं. मी वहाणा काढल्या. मग लोक बघताहेत असं वाटून पुन्हा घातल्या.