हात पोचला तिथे

अगं बाई, नवऱ्याने ब्रेक दाबला तरी गाडी थांबेचना! बुकित तिमाह टेकडीचा उतार, मागे ट्रेलरवर त्याच्याच हौसेची होडी, आणि तीच आम्हाला पुढे ढकलतेय. मागच्या सीटवर बाळ. मी नुसती किंचाळत राहिले. कसेबसे सिग्नलला थांबलो.

ट्रेलरला ब्रेक होते, पण ते लावणारा कंट्रोलर गाडीत नव्हताच. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या चिनी अंकलने एक निवडला. गाडीचा ब्रेक जेवढा दाबाल तेवढा ट्रेलरचाही लागतो, आणि वर नुसता ट्रेलरचा ब्रेक लावायला हाताने दाबायची कळ.

"माझ्या गुडघ्यापाशी बसवा," नवरा म्हणाला.

अंकलने मलाच शेजारच्या सीटवर बसवलं, डोळे मिटून हात पुढे करायला लावला, आणि हात पोचला तिथे खुणेची टेप चिकटवली.

"अंकल, गाडी मी चालवतो!"

"यू ड्राइव्ह. बट शी सी डेंजर फर्स्ट, लाह!"

मग कंट्रोलर तिथेच बसवून मला न बघता कळ दाबायला लावली, पुन्हा पुन्हा, बोट अचूक कळीवर पडेपर्यंत.

परवा त्याच उतारावर ट्रेलर डुलायला लागला. नवरा "काही होत नाही गं" म्हणेपर्यंत मी कळ दाबलीसुद्धा. ट्रेलर सरळ! बाळ उठलंही नाही. नवरा मात्र रुसलाय, आधी विचारायचं तरी म्हणे.

तुम्ही विचारत बसला असता?