वेग कोणी वाढवला?

"हात नोका लावू जी सर."

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते आठवीतल्या एका मुलीच्या तोंडून. म्हणताना ती उजवा हात फाटकासारखा आडवा धरायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. नजर टेबलावरच्या यंत्रावर. मी गणिताचा शिक्षक. शाळेत माझा दरारा आहे, अशी माझी समजूत होती. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. त्यांचा दरारा फक्त त्यांनाच माहीत असतो.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या एका गावात. तालुक्याहून एक दिवस एक खोकं आलं. आत चाकं, मोटरी, तारा, सेन्सर आणि एक जुना लॅपटॉप. चार मुलांचा संघ करायचा, त्यांना रोबोट शिकवायचा आणि चंद्रपूरच्या स्पर्धेला न्यायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्हालाच यातलं कळते."

मला यातलं काय कळत होतं? मागच्या वर्षी बंद पडलेला प्रोजेक्टर मी सुरू करून दिला होता. त्याची पिन निघाली होती, ती मी पुन्हा खोचली. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, त्याची ही शिक्षा.

दोन दिवस मी रोबोटवर व्याख्यान दिलं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ बघून जोडणी केली, बटण दाबलं. काहीच हललं नाही. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की मुख्य सर्किट बोर्डच खराब आला आहे, खोकं परत पाठवावं लागेल. पत्राचा मायनाही लिहून झाला होता. तेवढ्यात बाजूला उभी असलेली ती आठवीतली मुलगी हळूच म्हणाली, "सर, सेल उलटे लागले जी."

सेल सुलटे झाले. रोबोट चालला आणि सरळ येऊन माझ्या पायावर आदळला. मुलं हसली. ती हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

ती वही हा माझ्या जिवाला घोर होता. रोबोटला काळ्या रेघेवरून चालत जाऊन तीन ठोकळे त्यांच्या जागी ठेवायचे होते. ती एका वेळी एकच बदल करायची, तीनदा चालवून बघायची, लिहायची, मग पुढचा. मी एका दमात चार बदल करायचो. यंत्र सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळायचं नाही, बिघडलं तर तेही नाही. मग तिचा हात आडवा यायचा.

एकदा मी चिडून विचारलं, "मी हात लावला तर काय होते व?"

तिची आई मूलच्या राईस मिलमध्ये कामाला. सुटीच्या दिवशी हीसुद्धा तिच्यासोबत जायची. ती म्हणाली, "मिलमधला पट्टा सरकला का मिस्त्री आधी काय करते, ठाव हाय का सर? मिल बंद करते. तुमी चालू ठेवून हात घालता."

मी हजेरी घ्यायला निघून गेलो.

सरावाला आम्ही एका वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरला होता, त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळी टेप. चाकं घसरायची म्हणून तिने त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. तरी डावीकडच्या वळणावर रोबोट रोज रेघ सोडायचा. मी म्हटलं, प्रोग्राम चुकला. ती एक अख्खी दुपार जमिनीवर पोटावर पडून त्या वळणाकडे बघत राहिली. मग उठून खिडकी लावली. रोबोट नीट वळला. खिडकीतलं ऊन सेन्सरवर पडत होतं. महिनाभर मी बरोबर असलेला प्रोग्राम दुरुस्त करत होतो.

शेवटी आमचा रोबोट नव्वद सेकंदांत तिन्ही ठोकळे जागेवर ठेवायला लागला. हळू, पण दर वेळी.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला पोचलो. सभागृहात रंगीत टी-शर्ट घातलेले संघ, प्रत्येकाच्या पाठीवर संघाचं नाव. आमची चौघं शाळेच्या गणवेशात. भिंतीवर नियम लावले होते. त्यातला तिसरा मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवला: मार्गदर्शक शिक्षकांनी रोबोट किंवा प्रोग्रामला हात लावू नये. वाचताना मी तिच्याकडे बघून हसलोसुद्धा.

फेऱ्या दोन होत्या. पहिलीच्या आधी मुलं डबा खायला बाहेर गेली. मी सामानाजवळ बसलो. शेजारच्या संघाचे सर गप्पिष्ट होते. म्हणाले, "आमचा चाळीस सेकंदांत करतो. तुमचा?"

"तेवढाच," मी म्हणालो.

आता सांगून टाकल्यावर तसं व्हायला नको का? लॅपटॉप उघडा होता. वेगाचा आकडा समोर होता. मी तो दुपटीनं वाढवला, लॅपटॉपवरून प्रोग्राम रोबोटमध्ये उतरवला आणि टोपी सारखी करून बसलो. मुलांना सांगणार होतो, खरंच. पण लगेच आमच्या संघाचं नाव पुकारलं गेलं.

रोबोट सुटला तो गुलेरातून खडा सुटावा तसा. पहिल्या वळणावर त्यानं रेघ सोडली, तिन्ही ठोकळे उडवले आणि टेबलाच्या कडेवरून खाली पडला. समोरच्या रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. तिने रोबोट उचलला, चाकं फिरवून बघितली. मग लॅपटॉपकडे गेली. आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. हात आडवा धरला नाही. आता त्याचा काय उपयोग होता!

परीक्षक बाईंनी विचारलं, "काय चुकलं, सांगता येईल?"

"वेग वाढवला. तपासला नाई," ती म्हणाली.

"कोणी वाढवला?"

तिने लॅपटॉप मिटला. "आमी."

मी शिक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे उभा होतो. त्या क्षणी मी काय केलं? बाटली काढली आणि पाणी प्यायलो.

संघ बाहेर व्हरांड्यात आला. आमचा मॉनिटर, संघातला सगळ्यात तापट मुलगा, विचारत होता, "पण आकडा बदलला कोणी?" ती त्याच्याशी न बोलता माझ्याजवळ आली. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"मी खोटं बोलली जी सर. मले खोटं बोलता येत नाई. तुमी सांगून द्या ना."

मी म्हणालो, "अगं, नियम आहे. मी सांगितलं तर आपल्याला दुसरी फेरी मिळणार नाही. इतक्या दिवसांची मेहनत..." मेहनतीबद्दल मी बोलत होतो, हे विशेष.

मॉनिटरला आता सगळं कळलं. तो तडकला, "मंग नोका सांगू! इथवर आलो ते परत जाऊन बसाले का?"

तिने बाकी तिघांकडे एकेक करून बघितलं. "दुसरी फेरी भेटली आणि जिंकलो, तर बाई पुन्हा विचारतीन. मंग मी काय सांगू? तूच सांगशीन का?"

मॉनिटर मान खाली घालून बुटाच्या लेसशी खेळायला लागला. मग म्हणाला, "जा ना सर."

व्हरांड्यापासून परीक्षकांच्या टेबलापर्यंत वीसेक पावलं असतील. मी नोकरीच्या मुलाखतीलाही इतका सावकाश चाललो नव्हतो.

"मॅडम, वेग मी वाढवला. मुलांना माहीत नव्हतं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कशासाठी?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. म्हटलं, "शेजारच्या सरांना चाळीस सेकंद सांगून बसलो होतो."

बाईंचा ओठ किंचित हलला. त्या दुसऱ्या परीक्षकांशी बोलल्या आणि निकाल दिला: पहिली फेरी बाद, दुसरी मुलांना मिळेल, शिक्षकांनी सभागृहाबाहेर बसावं.

मी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. एका ऑटोवाल्यानं विचारलं, "पोरगं आत हाय का?"

"चार आहेत."

"मंग तुमी बाहेर काऊन?"

"काढलं," मी म्हणालो. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि तंबाखूच्या खर्र्याची पुडी पुढे केली.

आतून टाळ्या ऐकू यायच्या. कोणाच्या, कळायचं नाही. प्रत्येक टाळीला मी उठून उभा राहायचो.

आमचा नंबर आला नाही. यादीत आम्ही खालून लवकर सापडत होतो.

ती आता चंद्रपूरला डिप्लोमा करते, हॉस्टेलवर राहते. गावी आली तरी शाळेकडे क्वचितच फिरकते, आणि ते बरोबरच आहे. तिच्यानंतरही आमचे संघ झाले. एकानंही मला रागावून बोलायची तसदी घेतली नाही. मुलं मला सर म्हणतात आणि यंत्र बिघडवू देतात. अशा वेळी मला परतीची एसटी आठवते.

सहाची गाडी होती. रोबोटचं खोकं माझ्या मांडीवर, ती खिडकीशी. मी विचारलं, "दुसऱ्या फेरीत काय झालं?"

"पहिल्यापासून सांगू?"

"शेवटचा ठोकळा ठेवला का, तेवढं सांग."

"तसं नाई कळत जी. पहिल्यापासून सांगते."

आणि तिने सुरू केलं. आकडा परत जुना केला. एकदा तपासायला मागितलं, बाईंनी दिलं. रोबोट निघाला. पहिला ठोकळा. मॉनिटर श्वास धरून उभा होता. दुसरा ठोकळा. बोटानं ती समोरच्या सीटच्या पाठीवर रेघ काढत होती आणि मी त्या बोटामागे बघत होतो. चिचपल्ली गाव मागे पडलं. जंगलात ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "मंग डावं वळण आलं," ती म्हणाली, "आणि थो..."

तिची मान खिडकीवर कलली. झोप लागली होती. गाडीला हिसका बसला की डोकं गजावर आपटायचं, म्हणून मी माझा गळ्यातला दुपट्टा घडी करून मध्ये घातला. मागच्या सीटवर मॉनिटर जागा होता, त्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतून ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ना नमस्कार, ना काही.

"थोडासा डगमगला जी सर," ती म्हणाली, "पण रेघ नाई सोडली."