बंडेप्पाच्या नाकातलं तेल

दुबलगुंडीच्या बंडेप्पाचा करडीच्या तेलाचा घाणा होता. अंगाला तेच तेल, दिव्याला तेच, आणि दुपारी पोट तुडुंब भरून आडवं झालं की दोन्ही नाकपुड्यांतही तेच. का? तर आवाज! जत्रेच्या खेळात सतरा वर्षं राक्षस तोच करायचा. तो हसला की दावणीची जनावरं बिथरायची.

एका साली मात्र हसायला तोंड उघडलं की खोकलाच यायचा. धाप लागायची, घशाशी आंबट यायचं. बंडेप्पानं नाकातलं तेल वाढवलं. खोकलाही वाढला.

जत्रा दोन महिन्यांवर आली होती. राक्षसाच्या मुकुटावर डोळा ठेवून असलेला चनमल्लप्पा तालमीत म्हणाला, "अण्णा, राक्षस मी करतो. तुम्ही त्याची म्हातारी आई करा. तिला खोकला शोभतोय."

बंडेप्पाला भाकरी गोड लागेना. बायकोनं, गुरुबाईनं, त्याला बैलगाडीत घालून हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावली, सगळं विचारलं आणि कपाळावर हात मारला.

"मियाँ, नाक है कि गाडी का चाक? तेल फेफडे में उतर रा! खाके लेटे तो पेट का खट्टा पानी भी वहींच जारा!"

"घरच्या घाण्याचं हाय, साहेब. भेसळ न्हाई!"

"फेफडे को क्या मालूम, असली है कि नकली!"

फुप्फुसात उतरणारं तेल बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही.

पण बंडेप्पा भिंतीला टेकला तरी घोरायचा. मग गुरुबाईनं त्याला जेवणावरून उठवून थेट घाण्याच्या फिरत्या लाकडावर बसवलं. बैल गोल फिरायला लागला.

"अगं, झोप यायलीय!"

"झोपा की. पडलाव तर बैल थांबतोय का बघू."

बैलाच्या डोळ्यांना झापड आणि धनी टक्क जागा! गाव बघायला यायचं. हळूहळू धाप गेली, खोकला गेला.

जत्रेत बंडेप्पा असा हसला, की पुढं बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरली.

खेळ संपल्यावर चनमल्लप्पा हळूच कानाशी आला. "अण्णा, खरं सांगा. कुठलं तेल घालायलाव नाकात?"

बंडेप्पाचे डोळे लकाकले. तेलाचं नाव सांगितलं की पुढच्या जत्रेचा काटा आयता निघत होता! पण समोर गुरुबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"तेल न्हाई रे," तो सुस्कारला. "उद्या जेवून ये. घाण्यावर बसवतो. पण आवाज सुटला तरी राक्षस मीच, म्हाताऱ्या आईचं काम तुला."