सुंद्राच्या बांधावरची मूठ

अक्का गेल्या त्याला महिना होऊन गेला. जालन्याच्या दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हटलं, काहीतरीच, ही बाई अशी न सांगता जायची नाही! अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. विधवा, आमच्याच घरात राहायच्या आणि आमच्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचं सगळं बिनपगारी बघायच्या. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडायच्या, आणि कुणी रविवार चुकवला की त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. मला त्यांचा धाक होता आणि रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं खेडं परतूरच्या अलीकडं. त्या हिवाळ्यात प्लेग आला. घराघरात उंदीर पडायला लागले आणि तहसीलचा हुकूम निघाला की गाव सोडा, रानात झोपड्या घाला, कुठं जमायचं नाही. आमची मूठभर घरं चार दिशांना पांगली. मंडळीचे पाळकसाहेब जालन्याला अडकले. देवळाला कुलूप. आमच्यात रीत अशी, की दळायला बसताना बाईनं मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी देवळात आणायची. ती अडल्यानडल्याच्या घरी जायची. अक्का प्रत्येक झोपडीपुढं लांब उभ्या राहून सांगून आल्या, "मूठ बंद करू नका. सकाळी बांधावर ठेवा, मी येऊन नेते." मूठ दिसली म्हणजे त्या घरची बाई उठली, चूल पेटली. नाही दिसली की अक्का तिथूनच हाक मारायच्या, आणि आतून कुणी ओ देईपर्यंत आमचा जीव टांगणीला.

नाताळ तोंडावर आला आणि आमच्याच मंडळीतल्या सुंद्राच्या थोरल्या पोराच्या काखेत गाठ आली. पोरगं गेलं. मातीला नवरा-बायको दोघंच... आम्ही कुणी गेलो नाही. पुढं एका सकाळी तिच्या बांधावर मूठ दिसली. लेक पुरून आलेल्या बाईनं मूठ काढली होती! पण उचलायची कुणी? जो तो आपल्या बांधावरून ओरडला, अक्का, तिला शिवू नका. दिवसभर ज्वारी तिथंच, चिमण्यांनी टिपली. दुसऱ्या दिवशी सुंद्रानं पुन्हा ठेवली आणि झोपडीच्या तोंडाशी बसून वाट बघत राहिली.

माझा शमू तेव्हा अंगावर पीत होता. मी अक्कांची वाट अडवली. "अक्का, तिथं जायचं तर माघारी इथं यायचं न्हाई. तान्हं लेकरू हाय माझं." मी तसं बोलले, आणि आजही तसंच बोलेन.

अक्का चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बराबर हाय तुझं, मार्था. पण गावानं आपल्याला कधी पाणवठ्यावर चढू दिलं न्हाई, ते तुला झोंबतंच ना? मंग सुंद्राला काय होत आसंल?" घोंगडी आणि पातेलं घेऊन निघाल्या.

मी दुरून बघत होते. सुंद्राच्या बांधावर त्यांनी दगडांची चूल मांडली, पाणी उकळलं आणि तिच्याच ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या. "सुंद्रा, तू तिकडं बस, मी हिकडं बसते. प्रार्थना कर, मंग खाऊ." सुंद्रा गुडघ्यात मान घालून बसली. शेवटी अक्कांनीच प्रार्थना केली आणि खायला लागल्या. तेव्हा ती बाई जी रडली, की सगळ्या बांधांवर ऐकू गेलं! पोरगं गेल्यापासून तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

अक्का माघारी आल्या नाहीत. तिथंच बाभळीखाली, त्या थंडीत, उघड्यावर राहिल्या. रोज सकाळी मी ओरडायची, "अक्का, ताप हाय का?" तिकडून उत्तर यायचं, "न्हाई गं! मेले तर सांगते की!" मी हसायची, आणि हसता हसता रडायची. नाताळसुद्धा तसाच झाला. जो तो आपापल्या बांधावर उभा, आणि अक्का बाभळीखालून घसा फोडून प्रार्थना सांगत राहिल्या. गाव पुन्हा भरलं तेव्हा त्या घरी आल्या. दारातच थांबल्या, "येऊ का?" मी शमूला त्यांच्या कडेवर दिलं.

तेव्हापासून नाताळचं पहिलं जेवण अक्का दरसाल सुंद्राकडं जेवायच्या. मी इकडं ताट वाढून बसायची आणि फणफणायची. तिकडं जेवायला मात्र मी कधी गेले नाही. तिनं बोलावलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा सुंद्राची सून आली होती. दारातच उभी, पदराशी चाळा करत. म्हणाली, "आत्याबाईंनी इचारलंय... अक्का तर गेल्या. यंदा आमच्याकडं कुणी यील का?"

एवढी वर्षं झाली, आणि अजून सुंद्राला हे विचारावं लागतं.

मी म्हणाले, "सासूला सांग, दोन भाकरी जास्त थाप. यंदा मी येते जेवायला."