हँडल वळलं की बंद

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. ‘हिना पायले भिंगरी बांधेल शे, सासरना लोके परत धाडतीन.’ परत काही कुणी धाडलं नाही, पण भिंगरीही सुटली नाही. शिवणकाम बंद केल्यापासून तर ती जास्तच गरगरते. बाजारात तयार ब्लाउज आले, गिऱ्हाइकं गेली, मशिनवर कायमचं झाकण पडलं. आता सकाळची भांडी झाली की मी घरातून ओट्यावर, ओट्यावरून गच्चीवर आणि गच्चीवर चटका बसला की परत ओट्यावर. ओट्यावर काय, तर आमचे हे. एक खुर्ची, एक काठी आणि रस्त्याकडे तोंड.

गल्ली त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणते. आबा वीज खात्यात वायरमन होते. काचबिंदूने त्यांची बाजूची नजर नेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. पाठोपाठ गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो वाकायचा राहिला तो राहिलाच. गाडी बंद झाली तशी आबांनी बाकीचंही सगळं बंद केलं. आमचं घर देवपूरला, मधे एक पांझरा नदी, पण ते पूल ओलांडून धुळ्याच्या बाजारातसुद्धा जाईनात. मी म्हणायचे, रिक्षा करू. ते म्हणायचे, ‘रिक्षात टाकीसन लई जाशी? सामान शे का मी?’

गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल, आम्ही जळगावला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा घेतलेली. उंदरांनी तिचं वायरिंग कुरतडलं होतं आणि सीटमध्ये एक-दोन बाळंतपणंही उरकली होती. पुण्याहून मुलाचा फोन आला, ‘आई, ती गाडी भंगारात देऊन टाका. मी माणूस ठरवलाय.’

‘त्याला आखाजीला पाठव,’ मी म्हटलं. ‘तोवर चालू झाली तर ठेवायची. नाही झाली तर त्याने न्यावी.’

‘चालू कोण करणार? आबा?’

‘मी.’

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर म्हणाला, ‘आणि चालवणार कोण?’

‘तीही मीच. माझ्याकडे गिअरचं लायसन आहे म्हटलं.’

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस खाऊन आडव्या होतात. माझं माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यात. मनात मी असं धरलं होतं, की यंदा त्याच गाडीवर जायचं. मी पुढे, आबा मागे. खुर्ची काही दिवस रिकामी राहिली पाहिजे. बोलले नाही कुणाला. आबांना तर मुळीच नाही.

लायसनची गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर मुलगा सांगेल. जळगावला असताना आबांनी मला एका मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. तेव्हाची ती नवी नवरी! कपाळाला मोठी टिकली, डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल, पदर कमरेला असा खोचलेला की जशी काही लढाईलाच निघाली. लायसन काढलं. पहिल्या दिवशी एकटी गाडी घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरच्या नळापर्यंत पोचली. नळावर दोन बाया होत्या. त्या हसल्या. कशाला हसल्या कोण जाणे, कदाचित आपसांतच काही बोलल्या असतील. पण आमची झाशीची राणी तिथेच उतरली आणि गाडी ढकलत घरी आली. नवऱ्याला म्हणाली, पेट्रोल संपलं. त्याने टाकी उघडून पाहिली, काठोकाठ भरलेली. त्यानंतर ही बया सगळा जन्म मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली, आणि वर रुबाब असा की ड्रायव्हर पगारावर ठेवलाय. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या गॉगलवर टिचकी मारीन.

गॅरेजवाल्याने गाडी बघून हात झाडले. म्हणाला, ‘मावशी, हिच्यात वायर कमी आणि उंदरांच्या लेंड्या जास्त आहेत.’ म्हणून मग मीच बसले. पाट घेतला, मोबाइलवर व्हिडिओ लावला, सीट काढली, टाकी काढली. जुनं वायरिंग ब्लाउज उसवावा तसं हलक्या हाताने उसवलं. कुठली वायर कुठे जाते ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. ऊन चढेपर्यंत अंगणात, ऊन चढलं की सगळा पसारा उचलून पुढच्या खोलीत. स्वयंपाकाला बसले तरी डोळ्यांसमोर वायरीच. एकदा खिचडीत मीठ दोनदा पडलं. आबांनी खाल्ली, बोलले नाहीत. हे न बोलणंच मला चावत होतं. पूर्वी ह्याच माणसाने ताट सरकवलं असतं.

समोरची अक्का फाटकातून रोज डोकवायची, गाडीकडे बोट दाखवायची. ‘काय वं, आज हिनं पोट फाडं का?’

‘फाडं. तू ये, तुन्हं बी फाडस.’

गाडीचं नुसतं वायरिंग बदलून भागणार नव्हतं. वाकून बसलं की माझी कंबर धरते, म्हणून उंच हँडल आणून बसवलं. सीटचा फोम कापून पुढचा भाग खाली घेतला, मागे टेकायला एक उशी उभी केली, आणि सगळ्यावर तपकिरी रेक्झिन शिवलं. मशिनवरचं झाकण निघालं त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, की एकाऐवजी दोन कव्हरं शिवून टाकली. डाव्या बाजूला बायकांनी पाय ठेवायची जी पट्टी असते, ती घासून रंगवली. आबा खुर्चीतून बघत होते. ती पट्टी कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नव्या वायरी ओढताना मी एका काळ्या वायरीशी अडले; तिचं जुनं टोक उंदरांनीच खाल्लं होतं, दोरा बांधायला काही उरलंच नव्हतं. व्हिडिओतल्या माणसाची गाडी वेगळी होती. मी मोठ्याने म्हटलं, ‘आता ह्या काळीचं काय करू?’

खुर्चीतून आवाज आला. ‘काळी न्यूट्रल. बॉडीले लाव.’

कितीतरी दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द. मी इतकी हरखले की विचारच केला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी किती घरांत वायरिंग केलं असेल. घरात काळी म्हणजे न्यूट्रल, लाल म्हणजे करंटची. मी काळी नेऊन गाडीच्या लोखंडाला आवळली. किल्ली फिरवली. फट् झालं, फ्यूज उडाला, आणि सीटखालून धुराची एक बारीक रेघ वर आली.

आमच्या गाडीत काळी हीच किल्ली फिरवल्यावर करंट येणारी वायर होती. लोखंडाला जायची होती ती हिरवी.

मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात धरला. ते त्यांना बरोबर दिसलं. बाजूचं दिसत नाही, समोरचं चांगलं दिसतं.

‘हासू नको,’ ते म्हणाले.

‘कोठे हासनू मी?’

‘हासी ऱ्हायनी तू. टेस्ट लँप कोठे शे मना?’

आणि आबा उठले! काठी टेकत आत गेले, कपाटावरची पेटी स्वतः खाली घेतली, दोन वायरींचा तो जुना दिवा काढला आणि गाडीजवळ स्टूल ओढून बसले, एक पाय सरळ पुढे. त्या दिवसापासून मला अंगणात जागा उरली नाही. हे असं नको, टेप अशी गुंडाळत नसतात, पक्कड अशी धरतात का कुणी. मी तोंडावर चिडत होते, आणि आत जाऊन चहात साखर जास्त टाकत होते.

आखाजीच्या आदल्या सकाळी गाडी चालू झाली. किक मीच मारली. दिवा लागला, हॉर्न वाजला, अक्का फाटकात, तिच्या मागे तिच्या सुना. मी पदर खोचला आणि निघाले. सरळ गल्लीत काय थाट! कोपरा आला, हँडल डावीकडे वळवलं, तसा हॉर्न आपोआप कोकलायला लागला. माझं बोट बटणावर नव्हतंच. मी आणखी वळवलं, तशी गाडी गचका खाऊन बंद, हॉर्नही बंद. हँडल सरळ करून पाहिलं, पण सगळं मेलेलं. ढकलत परत आले. गल्ली हसत होती. ह्या वेळी मात्र मला नीट माहीत होतं कशाला हसतेय ते.

आबांनी हेडलाइटची वाटी उघडली. किल्लीची वायर सॉकेटमधून ओढून निघाली होती, हॉर्नची ताणून सोलली होती आणि लोखंडाला टेकत होती. ‘माप कसं लिधं तू?’

‘टेपने. पद्धतशीर.’

‘हँडल कसं व्हतं तवय?’

सरळ. हँडल सरळ ठेवून मी माप घेतलं होतं, तेही जुन्या बुटक्या हँडलवर. मी कपाळावर हात मारला. लग्नानंतर सासूबाईंना मी जो पहिला ब्लाउज शिवला, त्याचं माप त्यांचे हात खाली असताना घेतलं होतं. अंगावर असा बसला होता, की मी शहाणीने चार घरी दाखवून आणला. दुसऱ्या दिवशी सासूबाई दोरीवर धुणं टाकायला गेल्या आणि दोन्ही बगला उघड्या. पुढे शेकडो बायांना मी सांगितलं, ‘हात वर करा बाई, माप घेते.’ आणि गाडीला हात वर करायला सांगायची विसरले.

मग काय, बगलेत तुकडा जोडतात तसे प्रत्येक वायरीला तुकडे जोडले. मी सोलायचे, आबा पिळायचे. हँडल ह्या टोकाला, त्या टोकाला फिरवून बघितलं, ढिलाई भरपूर.

आखाजीला पहाटेचं पुरण उरकून मी गाडी फाटकाबाहेर काढली. आता खरी गोष्ट सांगणं भाग होतं. ‘चला.’

‘कोठे?’

‘माहेरी. मागे बसा.’

त्यांनी सीट पाहिली, मग आपला गुडघा. त्या पायाने टांग टाकता येत नाही. मग त्यांचं लक्ष रंगवलेल्या पट्टीकडे गेलं आणि चेहरा उतरला. ‘बायामानूसना गत बठू? मी बठाव नही.’

‘मी जन्मभर बसले, माझं काय वाईट झालं?’

‘लोके हासतीन.’

हे माझंच वाक्य होतं, त्याच गाडीवरचं, नळापाशी मनात म्हटलेलं. मी किक मारली, गाडी सुरू ठेवली आणि पुढे बघत राहिले. इंजिन फडफडत होतं. हे बसले नाहीत तर मी एकटी जाऊन काय करणार होते, झोक्यावर बसून?

अक्का समोरून ओरडली, ‘आबा, बठा ना! पदर देऊ का?’

अख्खी गल्ली हसली. मला वाटलं, संपलं. पण सीट मागून दाबली गेली, गाडी एका बाजूला कलली आणि एका हाताने माझा खांदा घट्ट धरला. आबा अक्काला म्हणाले, ‘ड्रायव्हर ठेवेल शे मी. तू बठ घर.’

गाव संपतं त्या नगावबारीपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेतला. पुढे हायवेला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. मागून सारखं, हळू, गिअर टाक, इंडिकेटर दे. सोनगीरच्या अलीकडे आबांचा फोन वाजला. मी कडेला घेतलं. मुलगा होता, आवाज मलाही ऐकू येत होता.

‘आबा, तो भंगारवाला दारात उभा आहे. घराला कुलूप. गाडी कुठे आहे?’

आबांनी फोन कानाला नीट लावला. एका बाजूला लोंबणारे पाय पट्टीवर जुळवून घेतले, शर्टाची कॉलर सारखी केली.

‘त्याले सांग, गाडी भेटाव नही,’ ते म्हणाले. ‘गाडी आखाजीले गयी.’

आणि फोन खिशात टाकत माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या. ‘चाल वं. ऊन व्हई ऱ्हायनं.’