पाठीमागची पेंडी

कुंताबाईला काय झालंय, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. सरपंचाला माहीत होतं, पिठाच्या चक्कीवाल्याला माहीत होतं, अड्याळच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं. कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे कामाचा कंटाळा आला, कोणी सरळ म्हणे ढोंग आहे. तिला मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझं पुढे येईलच.

झालं ते असं. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात ती आणि तिची जाऊ रुखमिणी सकाळी मोहफुलं वेचायला गेल्या. दोघी वाकलेल्या, मध्ये पाच हातांचं अंतर. वाघ मागून आला आणि रुखमिणीला ओढून घेऊन गेला. माणसं धावून येईपर्यंत कुंताबाई टोपलीवर काठी बडवत ओरडत होती. पंचनाम्याला आलेल्या साहेबानं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला जखम कुठं आहे? जखम नव्हती. त्याच्या कागदावर मेलेल्याला रकाना होता, जखमीला होता. जिनं डोळ्यांनी पाहिलं तिला नव्हता. मी तिथंच त्याच्याशी भांडले. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि गाडीत बसला.

कुंताबाई म्हणजे आमच्या गावच्या रोवण्यातला पहिला हात. धानाचा रोवणा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बारा बाया एका रांगेत वाकतात, भाताची रोपं, आमच्याकडचे पऱ्हे, खोचत खोचत मागे सरकतात. पुढे पाहायचं ते फक्त आपल्या हाताकडे. मागून गडीमाणसं पऱ्ह्याच्या बांधलेल्या जुड्या, पेंड्या, फेकत जातात, म्हणजे मागे सरकलं की पेंडी हाताशी येते. रांगेत एकीनं हात थांबवला तर अकरा जणी अडतात. वीस वर्षं या रांगेचं टोक कुंताबाईनं धरलं. ती म्हणेल तो वेग.

त्या साली आषाढात ती बांधीत उतरली. चार मुठी खोचल्या की उभी राहून मागे पाही. पुन्हा चार मुठी, पुन्हा मागे. बायांनी पहिल्या दिवशी सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या पाठीमागे पेंडी फेकली. चिखलात थप्पकन आवाज झाला आणि कुंताबाई किंचाळत नुकत्याच रोवलेल्या पऱ्ह्यांतून धावत सुटली. अर्धी बांधी तुडवली गेली. बायांनी तिला घरी पाठवलं. वाईट बोलल्या नाहीत, आराम कर म्हणाल्या. कुंताबाईला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. रांगेतली तिची जागा दुसरीला गेली आणि ती घरात भिंतीला पाठ लावून बसू लागली. स्वयंपाकही तसाच. मोहाचा वास आला की ओकारी. झोप नाही.

तिचा नवरा भोजराज तिला तीनदा पुजाऱ्याकडे घेऊन गेला. लिंबू, गंडा, कोंबडा, सगळं झालं. मी त्याला चौकात गाठून झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मंग काय करू, बाई? तुम्हीच सांगा." मला आयतं पाहिजे तेच मिळालं. आंदोलन हे माझ्याकडचं एकच औषध.

मी कुंताबाईला घेऊन फिरले. वनखात्याच्या फाटकासमोर, तहसीलसमोर, भंडाऱ्याला, प्रत्येक ठिकाणी तिच्या हातात माइक दिला. सांग म्हटलं, सगळं सांग, लोकांना कळू दे. ती सांगायची. लोक हळहळायचे, पेपरवाले फोटो घ्यायचे आणि मी घोषणा द्यायचे. सातव्यांदा लाखांदूरला ती "टोपली..." इथंच अडकली. तोंड उघडं, आवाज नाही. मी कानाशी जाऊन म्हटलं, बोल ना बाई, लोक थांबले आहेत. ती मंडपाच्या खांबाला पाठ लावून खाली बसली आणि उठेचना. एसटीनं परत येताना तिनं शेवटच्या बाकावरची जागा धरली. का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथं मागे कोणी बसत नाही म्हणून.

मग भंडाऱ्याचा सरकारी दवाखाना. चिठ्ठी काढायला रांग, ती काढली तर ही खिडकी नाही, त्या खिडकीवर गेलो तर मंगळवारी या. मंगळवारी गेलो तर कारकून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला की वेड्यांची खोली मागच्या बाजूला आहे. त्याला मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. तेवढ्यात कुंताबाई रांग सोडून फाटकाबाहेर गेली. मी तिच्यावरही चिडले. दोन तासांची रांग गेली होती. ती म्हणाली, "मांगं मानूस उभा राह्यते, बाई. मले नाई होत."

तेव्हा कुठं मला समजलं. पुन्हा रांगेत लागलो. ती पुढे आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून उलटी उभी. लोक हसले. हसू दे.

आतल्या खोलीत मेघा नावाची समुपदेशक होती, वय सत्तावीसच्या आसपास. माझ्या मनात आलं, ही पोरगी काय करणार? मी फाइल उघडून वाघाची हकीकत सुरू केली. तिनं हात वर केला. म्हणाली, ताई, तुम्ही बाहेर बसता का? अशी कोणी मला बाहेर काढत नाही. पण गेले.

नंतर तिनं मला बोलावून सांगितलं की याला नाव आहे, पीटीएसडी. झालेली गोष्ट संपली हे डोक्याला माहीत असतं, अंगाला माहीत नसतं. गोळ्या डॉक्टर देतील, बाकीचं हळूहळू होईल. मग तिनं विचारलं, हिला हे किती वेळा सांगायला लावलं? मी सात म्हटलं. तिनं आकडा वहीत लिहून घेतला. मी म्हटलं, मी तिच्यासाठीच केलं. ती म्हणाली, हो. त्या "हो"चा मला आठवडाभर राग होता. मेघाचा नव्हे.

मेघाला वाटलं होतं, बाईला पुन्हा जंगलात जायचं असेल. कुंताबाई म्हणाली, जंगल गेलं चुलीत, मले रोवना पायजे. मग त्याच्यावरच काम सुरू झालं. दर दुसऱ्या मंगळवारी भंडारा. घरी अंगणात भिंतीला पाठ लावून वाकायचं, मग भिंतीपासून एक पाऊल, मग दोन. मग भोजराजनं मागे उभं राहून ओली पेंडी टाकायची, पण टाकण्याआधी सांगायचं. आवाज कुठला, कोणाचा, हे तिला आधी कळलं पाहिजे. फाल्गुनात ती आठ पावलांवर आली आणि चैत्रात रुखमिणीचं वर्षश्राद्ध झालं तशी पुन्हा भिंतीशी. मला वाटलं, संपलं. मेघा म्हणाली, असंच असतं, पुन्हा एकपासून.

आषाढात मी रोवण्याच्या बायांशी बोलले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण त्यांनी एवढंच म्हटलं, येऊ द्या, टोक मात्र आत्ता नाही. कुंताबाई रांगेत मधे उभी राहिली. पेंड्या भोजराज फेकणार.

पहिली पेंडी फेकताना तो ओरडला, "अवो!" बाराच्या बारा बायांनी मागे पाहिलं. कारण बाराही जणींचे नवरे त्यांना "अवो"च म्हणतात. पेंडी पडली, कुंताबाई पांढरी पडली, रांग थांबली. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून म्हटलं, भाऊ, नाव घे तिचं. तर हा माणूस पेंड्या हातात धरून नुसता उभा. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोचं नाव घेतलं नव्हतं म्हणे. तीन कोंबडे कापले, पण नाव घ्यायची लाज. माझं डोकं असं फिरलं की मी चपला काढून बांधीत उतरणारच होते.

कुंताबाईनं कमरेवर हात ठेवला आणि मागे न पाहता म्हणाली, "घे गा. नाई तं मी चालली घरी."

तो कसाबसा म्हणाला, "कुंता... पेंडी."

बाया अशा हसल्या की चिखलात बसायच्या राहिल्या. एक म्हणाली, भाऊजी, आमच्याकडच्या मानसालेबी शिकवा. भोजराजचे कान लाल झाले. पण पेंडी पडली थप्पकन, आणि कुंताबाईचा हात थांबला नाही.

जेवणापर्यंत तिनं सहा वेळा मागे पाहिलं. मी मोजत होते, सवय वाईट आहे माझी. पाहिलं की रांग तेवढ्यापुरती थांबायची. तिसऱ्या प्रहरी भोजराजची भीड इतकी चेपली की तो प्रत्येक पेंडीला तीन-तीनदा नाव घेऊ लागला. शेवटी ती वैतागून ओरडली, "एक डाव सांग ना, बापा. कान फाटून राहिले माहे."

संध्याकाळी एका पेपरवाल्याचा फोन आला, वाघाच्या हल्ल्यावर बातमी करतोय, त्या बाई बोलतील का? मी तिला विचारलं. ती पायावरचा चिखल धूत होती.

"त्याईले म्हना, वाघाले इचारा," ती म्हणाली. "मले सकाळी टोकावरच्या बांधीत जायचं हाय."

ती बांधी जंगलाला लागून आहे. मी पेपरवाल्याला तिचं उत्तर जसंच्या तसं कळवलं. सकाळी तिनं रांगेतली जागा घेतली, मधलीच, आणि वाकण्याआधी मागे वळून भोजराजला म्हणाली, जोरानं बोल, इथं वारा हाय.